डबीतल्या पांढऱ्या गोळ्या

रत्नागिरीत गाउट कुणालाच होत नाही. होतं ते 'युरिक'. "बाई, मला युरिक आहे," असं माणूस काउंटरवर कोपर टेकून सांगतो, तेव्हा त्याच्या आवाजात थोडा रुबाबही असतो. बीपी आणि शुगर काय, शेजाऱ्यालाही आहे. युरिक अॅसिड सगळ्यांच्याच रक्तात असतं, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. ते वाढलं आणि मूत्रपिंडांना बाहेर टाकता येईना, की त्याचे सुईसारखे खडे सांध्यात साचतात. मग एके दिवशी पायाचा अंगठा असा पेटतो की अंगावरच्या चादरीचा स्पर्शसुद्धा सोसत नाही. भर दर्यात वादळाला न भ्यालेले पुरुष या अंगठ्यापायी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून रडताना मी पाहिले आहेत.

मिरकरवाडा बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं मेडिकल होतं. गेल्या वर्षी गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि मी दुकान विकलं. मी मूळची दाभोळची. वडील मुंबईला गोदीत, आई गावी. आमच्या बौद्धवाडीतून फार्मसीची पदविका घेणारी मी पहिली. त्याचा मला अभिमान आहे आणि तो लपवून ठेवण्याइतकी मी विनयशील नाही. बोलायलाही मी फटकळ. "जाधवबाई गोळी एक देते आणि भाषण तासाचं," अशी माझी बंदरावर ख्याती होती. चिठ्ठी नसेल तर मी गोळी देत नसे. मग गिऱ्हाईक मोबाईल पुढे करी. त्यात त्याच्या साडूच्या गोळीचा फोटो. "ही द्या, त्याला गुण आला." मी म्हणे, "मग साडूचा अंगठा घेऊन या, त्याला देते." गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाई. तिथे गोळी मिळे.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "बाई, गिऱ्हाइकांच्या गमतीजमती लिहा. दिवाळी आहे, वाचकांना जरा हसू द्या." मी हो म्हटलं. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की हसनचाचांपाशी येऊन हात थांबतो, आणि त्यांना वगळून पुढे जायचा मी प्रयत्न केला तर बाकीचं सगळं खोटं वाटायला लागतं. तेव्हा हसू आलं तर सुरुवातीलाच हसून घ्या.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून या दुखण्याच्या गोळ्यांबद्दल दोन शब्द सांगते. गोळ्यांच्या जाती दोन. आपल्याकडे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, वणवा लागतो. तो विझवायला माणसं धावतात, ती एक गोष्ट. आणि वणवा लागूच नये म्हणून बागेभोवतीचं सुकं गवत आधीच काढून ठेवतात, ती दुसरी. कॉल्चिसीन ही वणवा विझवणारी गोळी. अंगठा पेटला की घ्यायची, तीही डॉक्टरनं सांगितली तेवढीच. अॅलोप्युरिनॉल ही गवत काढणारी. दुखो वा न दुखो, रोज घ्यायची, थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवत न्यायची, रक्त तपासत राहायचं. इतकं साधं आहे. आणि माझ्या उभ्या आयुष्यात हे सरळ पाळणारी माणसं मला हाताच्या बोटांवर मोजता येतील. बहुतेक लोक वणवा विझवणारी गोळी बारा महिने खातात आणि गवत काढणारी दुखेल त्या दिवशी मागायला येतात.

त्यातले एक आमचे हेडमास्तर. मारुती मंदिराकडे राहणारे, निवृत्त, स्वच्छ धोतराचे. डॉक्टरनं त्यांना रोजची गोळी सुरू केली आणि आठवड्याच्या आत त्यांचा अंगठा पहिल्यापेक्षा जोरात पेटला. काठी टेकत दुकानात आले आणि पाकीट काउंटरवर आपटलं. "तुमच्या गोळीनं दुखणं वाढलं." मी म्हटलं, "सर, सुरुवातीला असं होतं. साचलेलं हलायला लागलं की एखादी कळ येते. गोळी सोडू नका, डॉक्टरांना फोन करा." सरांना कुणी सर म्हणून वर आज्ञा केलेली चालत नसे. त्यांनी गोळी सोडली. महिन्या-दोन महिन्यांनी परत दुखलं तेव्हा आपल्याच मनानं घेतली, आणि राहिलेली कसर भरून काढायची म्हणून भरपूर घेतली.

मग त्यांची बायको दुकानात आली, खाजेवरचं कॅलामाईन मागायला. "ह्यांच्या अंगावर गोवर उठलाय हो या वयात." मी विचारलं, तोंडात काही आहे का? "ओठ सोललेत थोडे. डोळे लाल आहेत." मी दुकान शेजारच्या झेरॉक्सवाल्यावर टाकलं आणि रिक्षा करून त्यांच्या घरी गेले. या गोळीनं एखाद्याच्या अंगावर पुरळ येतं, आणि आलं की गोळी त्याच घटकेला थांबवायची असते. नाहीतर अंगाची कातडी भाजल्यासारखी सुटून येते आणि माणूस हातचा जातो. सर वाचले. बरे झाल्यावर त्यांनी सगळ्या मारुती मंदिर भागात सांगितलं की जाधवबाईच्या दुकानातल्या औषधाची अॅलर्जी येते. पुढे ते दुसऱ्या दुकानात जायला लागले. वाटेत दिसले की मान फिरवायचे. माझ्या धंद्यात याला यश म्हणतात.

आणखी एक सांगते. संगमेश्वराकडचा एक चाकरमानी शिमग्याला गावी यायचा. घराण्याचा मान होता, पालखीला खांदा देणं चुकवायचं नाही. घोटा सुजून टम्म. त्याला पालखी नाचवायची होती आणि त्यासाठी त्याला दुखण्याच्या गोळ्या हव्या होत्या, जोरातल्या, चिठ्ठीवाचून. मी विचारलं, लघवीचं कसं आहे, बीपी आहे का, मूत्रपिंडाची तपासणी केलीस का? तो हसला. "देवाचं काम आहे बाई, देव बघेल." त्यानं गोळ्या दुसरीकडून घेतल्या, आणि दर शिमग्याला घेतल्या. पुढे एका वर्षी तो आलाच नाही. त्याचा भाऊ आला, तो म्हणाला, दादाचं आठवड्याला डायलिसिस चालू आहे. पालखीला आता भाऊ खांदा देतो. भावाचाही घोटा दुखतो.

आता हसनचाचा.

हसनचाचा खाडीकाठच्या राजिवड्याचे. यांत्रिक नौकेवर तांडेल होते. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. बोटीचा मालक घरी बसतो, तांडेल दर्यावर जातो. कुठल्या पाण्यात मासा आहे हे त्याला कळायला लागतं, आणि खलाशांची पोरंबाळं त्याच्या अकलेवर जेवतात. चाचा तरुणपणी गल्फच्या जहाजांवर होते, मग आपल्या दर्यात आले. उंच, काळेसावळे, दाढी मेंदीनं लाल केलेली. मला 'बाय' म्हणायचे आणि एकेरीत बोलायचे, आणि बंदरावरच्या एवढ्या पुरुषांत माझं भाषण पूर्ण ऐकून घेणारे ते एकटे. मध्येमध्ये "होय गो" म्हणायचे. मी थांबले की विचारायचे, "झाला? का अजून हाय?"

त्यांचं दुखणं जुनं. सुकाणूपाशी तासन्‌तास उभं राहायचं काम, त्यात अंगठा सुजला की उभं राहवेना. दर्यावर पाणी कमी प्यायचं, घाम फार, आणि खाणं म्हणजे जाळ्यात आलेलं. डॉक्टरनं सांगितलं कोळंबी, तारली, बांगडा कमी करा. चाचा मला म्हणाले, "बाय, हा डाक्तर पुन्याचा काय?" त्याआधी कित्येक वर्षं ते नाक्यावरच्या कुठल्यातरी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या घेत आले होते, त्यानं मूत्रपिंडं अधू झाली होती. आणि अधू मूत्रपिंडांच्या माणसाला कॉल्चिसीन फार जपून द्यावी लागते, कारण ती अंगातून बाहेरच पडत नाही, साचत जाते. पुरेशी आणि जास्त यांच्यात फार थोडं अंतर आहे. जास्त झाली की आधी उलट्या-जुलाब सुरू होतात. तेव्हाच थांबलं तर माणूस बहुतेक वाचतो. पुढे गेलं तर त्या विषाला उतारा नाही.

हे मी चाचांना जेवढ्या वेळा सांगितलं तेवढं माझ्या मुलीला पाढेही सांगितले नसतील. "उलटी किंवा जुलाब, काहीही झालं, की पायाची गोळी बंद. विचार करत बसायचं नाही."

"होय गो."

त्यांना भीती एकच होती. पाय उभा राहीनासा झाला तर मालक बोट दुसऱ्या तांडेलाच्या हाती देईल. "मी घरी बसलो तर काय करू? जैबून मला लसूण सोलायला बसवील." जैबूनचाची म्हणजे त्यांची बायको. मुलगा रफीक कुवेतला. तो सारखा म्हणे, अब्बा, आता पुरे. अब्बांना पुरे नव्हतं.

एकदा मोसम सुरू व्हायच्या आधी चाचा बोटीसाठी औषधं न्यायला आले तेव्हा मी त्यांच्या हातातली डबी पहिल्यांदा नीट पाहिली. पत्र्याची, चॉकलेटची, गल्फहून आलेली. आत सगळ्या गोळ्या एकत्र. तापाच्या, उलटीच्या, पायाच्या, पित्ताच्या. पाकिटं नाहीत, नावं नाहीत. माझा पारा चढला.

"हे काय केलंत?"

"सगल्या बोटींवर असाच करतात."

मी ओरडले. त्यांनी ओरडू दिलं. मग समजावून सांगितलं. खाऱ्या हवेत पाकिटाची चांदी सडते, कागद भिजतो, नाव पुसतं. आणि हाताला माशाची बुळबुळ, बोट हलतेय, त्या बोटांनी पाकिटातली एवढीशी गोळी फुटून निघत नाही, निघाली तर फळीवरून पाण्यात जाते. म्हणून बंदरातच घरची बायकामाणसं बसून सगळ्या गोळ्या सोलून डबीत भरतात. कडधान्य निवडावं तशी. ओळखायची युक्तीही होती. तापाची मोठी. पित्ताची गुलाबी. पायाची आणि उलटीची दोन्ही पांढऱ्या आणि बारीक, पण पायाच्या गोळीच्या मधोमध रेघ आणि उलटीची गुळगुळीत. "नख फिरवायचा. रेघ लागली तर पायाची, नाय लागली तर उलटीची. अंधारात पण चुकत नाय."

त्यांचे खलाशी नेपाळी होते. आपल्याकडे आता बोटींवर नेपाळीच जास्त. कुणी मराठी वाचणारा नाही. त्यांनाही चाचांनी हीच नखाची विद्या शिकवली होती. त्यातल्या प्रेम नावाच्या खलाशाला सगळं बंदर 'बहादूर' म्हणायचं, चाचा मात्र नावानं हाक मारायचे.

मी रंगीत झाकणांच्या छोट्या बाटल्या दिल्या. लाल झाकण पायाचं, निळं उलटीचं. चाचांनी माझं मन राखायला नेल्या. त्या मोसमात बाटल्या बोटीवर होत्या, हे मी स्वतः धक्क्यावर जाऊन पाहिलं. पुढच्या मोसमात एकीत हळद होती आणि एकीत सुया. "बाटल्या गडगडतात गो. डबी गप बसते." मी बोलत राहिले, ते "होय गो" करत राहिले, आणि डबी बोटीवर राहिली. त्यांची पद्धत माझ्या पद्धतीपेक्षा जुनी होती आणि तिनं त्यांना एकदाही दगा दिलेला नव्हता. त्यापुढे माझं काय चालणार?

मग रफीकनं कुवेतहून गोळ्या पाठवल्या. बापाच्या पायाच्या काळजीनं पोरानं चांगले ढीगभर बॉक्स पाठवले. चाचा एक बॉक्स मला दाखवायला घेऊन आले, अगदी कौतुकानं. सीलबंद, वर अरबी अक्षरं, बाजूला इंग्रजीत नाव. औषध तेच, पण आपल्याकडच्या एका गोळीत असतं त्याच्या दुप्पट. मी म्हटलं, "चाचा, ही तुमच्यासाठी नाही. तुमची मूत्रपिंडं अधू आहेत. हे घरात ठेवा, रफीकला सांगा पोचल्या, पण खायची आमचीच." ते म्हणाले, "पोरानं एवढ्या लांबून धाडल्या," आणि बॉक्स पिशवीत टाकला. मी परत सांगितलं. ते म्हणाले, "आयकला गो."

त्यानंतरच्या दर्यावरच्या फेरीत काय झालं हे मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. निघायच्या आदल्या दिवशी पाय सुजू लागला होता आणि घरात आमच्या गोळ्या संपल्या होत्या. चाचा दुकानापर्यंत चालत यायच्या स्थितीत नव्हते आणि आज नाही निघालो तर मालक दुसऱ्याला पाठवणार, हे त्यांना माहीत होतं. तेव्हा कुवेतच्या ढिगातले काही बॉक्स फोडले गेले. जैबूनचाचीनं नेहमीप्रमाणे त्यातल्या गोळ्या सोलून डबीत टाकल्या. थोड्या चाचांनी खिशात वेगळ्या ठेवल्या आणि दर्यावर त्या घेतल्या. पाय उतरला. ते सुकाणूपाशी उभे राहिले, मासा मिळाला, सगळे खूश होते. मग त्यांना उलट्या सुरू झाल्या.

जैबूनचाचीचा फोन आला, "बाय, ये गो. ह्यांना सरकारी दवाखान्यात आणलाय." मी गेले. चाचा कॉटवर होते, सलाईन लावलेलं, डोळे खोल गेलेले, पण शुद्धीवर. मला पाहिल्यावर हसले. म्हणाले, "बाय, तू बोल्लीस तसा केला हां. उलटी झाली तशी पायाची गोली बंद. प्रेमला सांगितला, ह्यापुडे पायाची द्यायची नाय." मी त्यांचा हात धरला. मला इतकं बरं वाटलं! वाटलं, एवढी वर्षं बडबडले त्याचं चीज झालं. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, कुठली गोळी, किती ताकदीची, मूत्रपिंडं कशी. त्यांनी नीट ऐकून घेतलं. ते म्हणाले, वेळेवर थांबवली असेल तर आशा आहे.

प्रेम वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून बसला होता. अंगाला मासळीचा वास, डोळे तांबारलेले. बोटीवरून उतरल्यापासून तो घरी गेलाच नव्हता. त्यानं पिशवीतून डबी काढून माझ्यापुढे उघडली. "मॅडम, तांडेल को बहुत उलटी था. मैं उलटी का गोली देता गया. फिर भी रुका नहीं." मी विचारलं, उलटीची कुठली? त्यानं डबीत बोटं घातली, एक बारीक पांढरी गोळी उचलली, अंगठ्याचं नख तिच्यावरून फिरवलं आणि माझ्यापुढे धरली. "ये. लाइन नहीं है. लाइन है तो पैर का, नहीं है तो उलटी का. तांडेल ने सिखाया."

मी गोळी हातात घेतली. नख फिरवलं. उलटीच्या मी मोजक्याच दिल्या होत्या, आणि डबीत तशा गुळगुळीत मूठभर होत्या. कुवेतच्या गोळीला रेघ नव्हती.

चाचांनी गोळी बंद केली होती. माझं ऐकून बंद केली होती. आणि त्यांच्या पोरासारख्या माणसानं, त्यांनीच शिकवलेल्या विद्येनं, त्यांना बरं वाटावं म्हणून तीच गोळी दर उलटीला दिली होती. बोट किनाऱ्याला लागेपर्यंत.

प्रेमनं विचारलं, "मैंने गलत दिया क्या?" मी म्हटलं, "नहीं." औषधाबद्दल मी कधी कुणाशी खोटं बोलले नाही, त्या दिवशी बोलले, आणि परत वेळ आली तर परत बोलेन. मग आत जाऊन डॉक्टरांना खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

सगळ्यांत क्रूर भाग पुढचा आहे. दुसऱ्या दिवशी चाचांना बरं वाटलं. उलट्या थांबल्या. जैबूनचाचीनं पेज भरवली. ते मला म्हणाले, "आता मालकाला सांग, पुडच्या फेरीला मीच जानार." नातेवाईक घरी गेले. वॉर्डातल्या आयाही त्यांची थट्टा करू लागल्या. हे बरं वाटणं फसवं असतं, हे मला आणि डॉक्टरांना माहीत होतं. आतून एकेक गोष्ट बंद पडत असते. मी त्यांच्याशी हसून बोलले. काय बोलले ते आठवत नाही.

त्यानंतर त्यांची लघवी थांबली. मग हात उचलेना. ज्या हातानं सुकाणू धरलं, त्या हाताला पेला धरवेना. रफीक विमानाची धडपड करत होता. कोल्हापूरला हलवायचं ठरलं, गाडीही आली, पण ते गाडीत चढवण्याच्या स्थितीतच उरले नाहीत. शेवटी शेवटी ते माझ्याकडे बघत होते, पण त्यांनी काही विचारलं नाही. मग ते गेले.

मला राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. रफीकवर? त्यानं मायेनं पाठवल्या. चाचीवर? ती आयुष्यभर तशाच सोलत आली. प्रेमवर? तो तर तांडेलापाशी बसून होता, त्याची घाण काढत होता. शेवटी मी त्या गोळी बनवणाऱ्यांवर रागावले. एक रेघ मारायला काय जात होतं? पण त्यांचंही काय चुकलं? गोळीवर रेघ असावीच असा जगात कुठे कायदा नाही. तो कायदा एका बोटीवर होता, आणि तो बोटीबाहेर फक्त मला ठाऊक होता.

चाचांचा चाळीसावा दिवस झाल्यावर मी राजिवड्याला गेले. रफीक आला होता आणि परत गेला होता. डॉक्टरांनी त्याला सगळं सांगितलं होतं. तो नुसता खोलीत बसून राहिला म्हणे. चाची सरबत घेऊन आली. मी इकडचं तिकडचं बोलून विषय काढला. कुवेतच्या उरलेल्या गोळ्या कुठे आहेत? मला त्या नेऊन नष्ट करायच्या होत्या.

"डबीतल्या दर्यात टाकल्या," चाची म्हणाली. "बॉक्समधल्या दिल्या."

"दिल्या? कुणाला?"

"ज्यांचे पाय दुकतात त्यांना. ह्यांच्या नावानं. सवाब मिलतो ना, बाय, तुमच्यात पुन्य बोलतात तसा. गरिबाला दवा देनं म्हंजे लय मोटा सवाब."

मी म्हटलं, "चाची, त्याच गोळीनं चाचा गेले."

तिनं माझ्याकडे पाहिलं, एखाद्या लहान मुलाकडे पाहावं तसं. "गोलीनं नाय गेले. डबीत सगल्या मिक्स झाल्या म्हनून गेले. डाक्तरच बोल्ला. ह्या तर बंद बॉक्समधल्या, कोऱ्या. रफीकनं किती प्रेमानं धाडलेल्या. फेकून कशा देव?"

तिच्या बोलण्यात चूक एवढीच होती की ते अर्धं बरोबर होतं. मी तिला तिथेच बसून परत सगळं समजावलं. ती रडली. मग पदर सावरून माझ्याबरोबर निघाली, कुणाकुणाला दिल्या ती घरं दाखवायला.

पहिल्या घरातल्या बाईनं बॉक्स परत दिला. दुसऱ्या घरी संपल्या होत्या. "छान होत्या," घरची सून म्हणाली. तिसऱ्या घरी पाकिटं मुंबईला बहिणीकडे गेली होती. चाची दरवेळी माझ्यामागे जरा अंतर ठेवून उभी राहत होती. नवऱ्याच्या नावानं दिलेलं परत मागताना तिला किती लाज वाटत असेल, हे मला तिच्याकडे न बघताही कळत होतं.

शेवटचं घर चाचांच्या जुन्या सोबत्याचं, महंमदचाचांचं. तेही एके काळी तांडेल होते, आता ओटीवर बसून जाळी दुरुस्त करतात. त्यांचा पाय पाटावर होता, सूज उतरत आलेली. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, "ये गो बाय. हसनच्या गोलीनं बग, उभा रायलो मी. अजून हायत काय?"

मी सांगितलं की मी परत न्यायला आले आहे. बदल्यात उद्याच डॉक्टरकडे नेते, तपासण्या करू, जे योग्य असेल ते मी स्वतः घरी आणून देते. ते ऐकत होते. मग पाकीट हातात घट्ट धरून म्हणाले, "मयताच्या नावानं मिललेली चीज परत देत नाय कोन. त्याला काय वाटंल?" मी चाचीकडे वळले. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "ऱ्हावू दे बाय. त्यांच्या हातून नको काडू."

तेव्हा मी ओटीवर बसले. म्हटलं, डॉक्टरला दाखवल्याशिवाय यातली एकही घेऊ नका. त्यांची मान हलली, पण मला ती मान चांगली ओळखू येते. म्हणून पुढचंही सांगितलं. आपल्याकडच्या गोळीपेक्षा ही दुप्पट आहे. दुसऱ्या कुठल्याही गोळीबरोबर ठेवू नका. कुणाला देऊ नका. आणि घेतलीच, आणि उलटी झाली, जुलाब झाला, पोट जरासं जरी बिघडलं, तर ही गोळी त्याच क्षणी बंद आणि सरळ दवाखाना.

"होय गो," महंमदचाचा म्हणाले. मग त्यांनी जाळ्याची गाठ ओढून घट्ट केली. "हसनलाय तू ह्याच सांगितला होतास ना?"

"हो."

"मग त्यानं आयकला नाय?"

चाची माझ्याकडे बघत होती.

"ऐकलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलवली आणि पाकीट सदऱ्याच्या खिशात ठेवलं.